तिसरा व्हॉल्व्ह कुणाचा?

*काका, नमस्कार. आमच्या आज्जाची बुलेट ३५० गेली सोळा वर्षं सोप्यात उभी होती. गणपती झाल्यावर ती खोलायला घेतली. हेड, बोर, पिस्टन उतरवून झालंय. आज्जाच्या हत्यारांच्या पेटीत पत्र्याचा एक डबा मिळाला. त्यात वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून, वर सुतळी बांधून ठेवलेली एक वस्तू होती. बारीक दांडा, एका टोकाला गोल टिकली. टिकली एका बाजूनं काळी. दांडा माझ्या करंगळीएवढा लांब. हुबेहूब इंजिनातल्या व्हॉल्व्हसारखी दिसते, खरं त्याचं पिल्लू वाटावं एवढी लहान. बुलेटला दोन व्हॉल्व्ह, ते दोन्ही जागेवर आहेत. मग हा तिसरा कुठला? आमचा मेकॅनिक म्हणतो कार्ब्युरेटरचा असणार. शेजारचे मामा म्हणतात, आज्जाच्या विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचा. बाबा म्हणतात, टाकून दे आणि गाडीपण वीक. डब्यात एक स्प्रिंग आणि पोकळ नटासारखं काहीतरी आहे, ते भंगारच दिसतंय. फोटो जोडलाय. काय करू?*

*– एक नातू, नंदगड (ता. खानापूर, जि. बेळगाव)*

टाकू नकोस. गाडी विकायची की ठेवायची ते बाबांबरोबर बसून ठरव, त्यात मी पडत नाही. पण हा डबा उद्या सकाळी कुणी झाडलोट करताना भंगारवाल्याला देणार नाही एवढं बघ. आणि ‘भंगारच दिसतंय’ म्हणून जे दोन तुकडे तू बाजूला सारलेस ते आधी परत डब्यात ठेव. त्यांच्याकडे येतो.

तुझ्या फोटोत माझी नजर सगळ्यात आधी गेली ती त्या काळ्या बाजूकडे. नखानं खरवडून बघ. गंज असेल तर तांबूस निघेल, जुनं ग्रीस असेल तर चिकट. मला खात्री आहे की कोळशाची कोरडी भुकटी निघेल. ती काजळी आहे, आणि अशी भाजलेली काजळी जिथं पेट्रोल जळतं किंवा जळून बाहेर पडतं तिथंच धरते. कार्ब्युरेटरमध्ये काही जळत नाही. तिथले जेट पितळेचे, आणि जुन्या पेट्रोलचा डाग पडला तरी तो पिवळट, राळेसारखा. तुझ्या मेकॅनिकला वाईट वाटू देऊ नकोस, खरं त्याचं उत्तर तिथंच बाद झालं. शंका असेल तर तुकड्याला लोहचुंबक लावून बघ, पितळेला ते चिकटत नाही.

शेजारच्या मामांचं म्हणणं एवढ्या सहज बाद होत नाही. डिझेल इंजिनातही जळतं, काजळीही धरते, आणि खानापूर तालुक्यात एकाच पेटीत मोटरसायकलचं, पंपाचं आणि उसाच्या गाड्याचं सामान एकत्र नांदतंय यात नवल काही नाही. पण विहिरीवरच्या एका सिलिंडरच्या डिझेल इंजिनाचे व्हॉल्व्ह चांगले दणकट असतात. त्याची सुई म्हणावी, तर इंजेक्टरच्या सुईला असली टिकली नसते आणि ती आरशासारखी घासलेली असते. हँडल मारताना आपण जी कंप्रेशनची खिट्टी वर करतो, ती बहुतेक इंजिनात मोठ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हलाच दाबून धरते, त्यासाठी वेगळा छोटा व्हॉल्व्ह नसतो. तेव्हा मामांनाही चहा पाजून घरी पाठव.

आता टिकलीची दुसरी बाजू बघ, दांडा जिथून निघतो ती. कडेनं एक बारीक चकचकीत रिंगण दिसतंय. हा तुकडा कुठंतरी गोल बैठकीवर हजारो वेळा बसलाय, त्याची ती खूण. दांडा मधे गुळगुळीत झालाय आणि टोकाला जरासा चेपलाय. म्हणजे मधे त्याला कुणीतरी धरून सरळ चालवत होतं आणि टोकावर कुणीतरी दाबत होतं. अनोळखी सुटा भाग हातात आला की माणसं तो कशासारखा दिसतो ते आठवत बसतात. मी चाळीस वर्षं लेथपाशी काढली, माझी सवय वेगळी. तो कुठं घासलाय, कुठं भाजलाय आणि कुठं अगदी कोरा राहिलाय ते बघायचं. त्यावरून त्याचे शेजारी कोण होते ते कळतं, आणि शेजारी कळले की घर सापडतं.

याचं घर तुझ्याच बुलेटच्या हेडात, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणात आहे. हा डिकंप्रेसरचा व्हॉल्व्ह.

विश्वास ठेवू नकोस, तपासून बघ. उतरवलेलं हेड पालथं घाल. आतल्या घुमटात दोन मोठे व्हॉल्व्ह दिसतील, स्पार्क प्लगचं भोक दिसेल. आणखी एक लहान भोक असेल आणि ते बाहेरून बोल्ट मारून बंद केलेलं असेल. आता हँडल बघ. डाव्या मुठीजवळ, क्लचच्या लिव्हरच्या आसपास, छोट्या लिव्हरची रिकामी पट्टी किंवा पट्टीनं खाल्लेला रंग सापडतो का ते बघ. आणि मग तू भंगारात काढलेला तो ‘पोकळ नट’ हातात घे. त्याला बाहेरून आटे आहेत ना? ती डिकंप्रेसरची बॉडी. व्हॉल्व्हचा दांडा त्यात घालून बघ, लटपटत नाही आणि अडकतही नाही असा सरकेल. स्प्रिंग त्याचीच. आज्जानं व्हॉल्व्ह कागदात गुंडाळला आणि बाकीचं नुसतं टाकलं, कारण गुळगुळीत ठेवायची गोष्ट तेवढी एकच होती. त्या माणसाला कळत होतं.

हे कशासाठी असतं ते तुझ्या वयाच्या मुलांना माहीत नसेल, तुमच्या गाड्या बटणावर सुरू होतात. बुलेटचं जुनं इंजिन ३४६ सीसीचं, सिलिंडरचा आतला व्यास (बोर) ७० मिलिमीटर, पिस्टनची चाल (स्ट्रोक) ९०. एकच मोठा पिस्टन. तो वर येऊन हवा दाबायला लागला की किक दगडासारखी अडते. त्या क्षणी अंगाचं सगळं वजन टाकून किक मारली आणि पिस्टन माथ्यावरून पलीकडे जायच्या आधीच ठिणगी पडली, तर इंजिन उलटं फिरतं आणि किक परत येते. गॅरेजमध्ये म्हणतात ‘बॅक मारली’. घोटा, पोटरी, नडगी, जे मधे येईल त्याला बसते.

म्हणून हेडात हा पिल्लू व्हॉल्व्ह. लिव्हर ओढली की तो उघडतो, दाबलेली हवा फुस्स करून निघून जाते आणि किक हातानंसुद्धा खाली जाते. आज्जा कशी गाडी सुरू करायचे ते तू लहानपणी पाहिलं असशील, आठवून बघ. चावी फिरवायची. हेडलाइटच्या वरच्या अँपिअर मीटरचा काटा डिस्चार्जकडे कलतो. किक हळूहळू पायानं दाबत न्यायची. काटा मधोमध परत आला की थांबायचं. म्हणजे ठिणगी पाडणारे पॉइंट उघडले, पिस्टन माथ्याशी आला. मग डिकंप्रेसर ओढून किक अजून जराशी, दोन बोटं, खाली न्यायची, म्हणजे पिस्टन माथ्याच्या पलीकडे जातो. लिव्हर सोडायची, किक पूर्ण वर येऊ द्यायची, आणि मग एकच मारायची, पूर्ण, शेवटपर्यंत. घाई नाही, उड्या नाहीत. साठ किलोचा म्हातारा लुंगीवर बुलेट सुरू करायचा तो असा. काही जण गाडी बंद करायलाही चावीऐवजी हीच लिव्हर ओढत.

मग एवढी कामाची वस्तू काढून बोल्ट का मारला?

आता इथं मला कबुली द्यावी लागणार. असे बोल्ट मीसुद्धा मारलेत.

१९७८ साली मी सतरा वर्षांचा, बेळगावात एका गॅरेजमध्ये हाताखाली होतो. डिकंप्रेसरचा व्हॉल्व्ह लहान, त्याच्या बैठकीत काजळीचा कण अडकला की तो पूर्ण बसत नाही. केबल कुणी ताणून बांधली असेल तरी तेच. मग कंप्रेशन निसटत राहतं, गरम वायू त्याच फटीतून जाऊन बैठक जाळतो, हेडावर तेलकट काळा ओघळ दिसतो, गाडी चढ ओढत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, लगेच पाहिजे. व्हॉल्व्ह घासून बसवायला तास दीड तास लागतो, बोल्ट मारायला पाच मिनिटं. आणि बोल्ट मारल्यावर गाडी खरोखर छान ओढते, ही त्यातली खोच. गिऱ्हाईक खूश होऊन जातं.

काकतीकडून येणारे एक प्राथमिक शाळेचे मास्तर होते. त्यांच्या गाडीला मी असाच बोल्ट ठोकला. पंधरा दिवसांनी ते लंगडत आले. बोलले काहीच नाहीत. बाकावर बसले, पँट गुडघ्यापर्यंत सरकवली आणि नडगी दाखवली. वांग्याच्या रंगाची झाली होती, घोट्यापासून वीतभर. आमचे वस्ताद माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, “भोक मुजवलास, खरं ते कशाला ठेवलेलं ते कंपनीला इचारलास काय?” त्या दिवशी मास्तरांचा बोल्ट काढून परत डिकंप्रेसर बसवला, पैसे घेतले नाहीत. पुढं मी गॅरेज सोडून बेळगावच्याच उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, लेथवर लागलो, पण त्याआधी असे किती बोल्ट माझ्या हातून गेले याचा हिशोब माझ्याकडे नाही.

तेव्हा माझं मत विचारशील तर बोल्ट काढ आणि डिकंप्रेसर जागेवर घाल. काही हौशी लोक हे ‘ओरिजिनल’ दिसावं म्हणून घालतात, त्यांच्याशी मला देणंघेणं नाही. तू पायासाठी घाल.

बोल्ट काढताना सांभाळ. बुलेटचा बोर, म्हणजे सिलिंडर, बिडाचा, पण हेड ॲल्युमिनियमचं. त्यात लोखंडी बोल्ट वर्षानुवर्षं बसलाय आणि वर खानापूरचा पाऊस. दोन धातू एकमेकांना धरून पांढरी पावडर झाली असेल. लांब पाइप लावून जोर करू नकोस, आटे दोऱ्यासारखे निघून येतील. आदल्या रात्री बोल्टभोवती डिझेल सोडून ठेव. सकाळी हेड गरम पाण्याच्या पातेल्यात घाल, ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा जास्त फुगतं, पकड सैल होते. मग बरोबर मापाचा पाना, थोडं सोडायचं, थोडं आवळायचं, परत सोडायचं.

निघाला की बोल्ट आणि ती पोकळ बॉडी शेजारी शेजारी धरून आट्यात आटा घाल आणि उजेडाकडे धर. दातात दात बसून मधून उजेड दिसला नाही तर दोघांचे आटे एकच. मधेच फट दिसायला लागली तर समजायचं, कुणीतरी हाताला लागला तो बोल्ट दाबून बसवलाय. जुन्या बुलेटला बऱ्याच ठिकाणी इंग्लिश मापाचे आटे आहेत, आणि आपल्याकडं मिलिमीटरचे बोल्ट त्यात पिळून घालणारे हात कमी नव्हते. तसं झालं असेल तर भोक मोठं करून बुश, म्हणजे आतून नवे आटे असलेली नळी, बसवावी लागेल. ते घरी करायचं काम नाही. उद्यमबागेत किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात चांगला टर्नर शोध, हेड आणि बॉडी दोन्ही घेऊन जा, नुसतं तोंडी माप सांगू नकोस. बोल्टाचं आतलं टोक घुमटात बाहेर आलेलं होतं का तेही बघून ठेव. आलं असेल तर ते निखाऱ्यासारखं तापून पेट्रोल अवेळी पेटवत होतं, आणि पिस्टनच्या माथ्यावर त्याच्या खुणा शोधाव्या लागतील.

व्हॉल्व्ह बसतो का ते तपासायला महागडं काही लागत नाही. दिव्याची काजळी खोबरेल तेलाच्या थेंबात कालवून त्या चकचकीत रिंगणावर पातळ लाव, व्हॉल्व्ह जागेवर ठेवून पाव फेरा फिरव आणि उचल. बैठकीवर काळी रेघ सलग गोल उमटली तर काम झालं. मधे तुटली असेल तर व्हॉल्व्ह घासायची पेस्ट अगदी टाचणीच्या डोक्याएवढी घेऊन दोन बोटांत दांडा धरून मागं-पुढं फिरव, पेस्ट घासलेटनं पूर्ण धुऊन काढ, परत काजळी लावून बघ. सगळं जोडल्यावर हेड पालथं ठेवून घुमटात घासलेट ओत आणि जेवून ये. खाली ओल दिसली नाही तर पास. केबल बांधताना लिव्हरला थोडी सैल चाल ठेवायचीच. ताणून बांधलीस तर व्हॉल्व्ह केसभर उघडा राहील, जळेल, आणि काही महिन्यांत कुणीतरी परत बोल्ट घेऊन उभा राहील.

बॉडीचे आटे किंवा स्प्रिंग गेली असेल तरी अडणार नाही. एनफिल्ड इंडियानं १९५५ पासून मद्रासला ही गाडी धरली ती धरलीच. बिडाच्या बोरचं हे इंजिन अर्ध्या शतकाहून जास्त काळ फारसं न बदलता निघत राहिलं. सामान मिळतं. फक्त जुना तुकडा बरोबर नेऊन मापाला माप लावून घ्यायचं.

आता तू न विचारलेलं एक. डब्यात काय जास्त आहे म्हणून तू पत्र लिहिलंस, पण कमी काय आहे ते मोजलंस काय? टायमिंग कव्हर उघडलं असशील तर क्रँकच्या टोकाशी कव्हरमध्ये बुचाचा एक छोटा सील असतो. त्यातून तेल क्रँकमध्ये शिरून बिगएंडला, म्हणजे पिस्टनचा दांडा क्रँकला जोडणाऱ्या सांध्याला जातं. सोळा वर्षांत तो वाळून भुगा झालेला असणार आणि तू तो कचरा म्हणून पुसून टाकला असण्याचीच शक्यता जास्त. त्याच्याशिवाय इंजिन जोडलंस तर गाडी सुरू होईल, आवाजही गोड येईल, आणि काही दिवसांत बिगएंड वाजायला लागेल. डिकंप्रेसर नसला तर पाय दुखेल, हा नसला तर क्रँक जाईल. नवा घाल, आता बुचाऐवजी रबरी येतो, तो जास्त टिकतो. आणि क्रँकच्या त्या टोकाला जो वर्म नट आहे, ऑइल पंप फिरवणारा, त्याचे आटे उलटे. आपल्या नेहमीच्या दिशेनं सोडायला गेलास तर आवळत जाशील.

कागदांचं थोडक्यात. इंजिन नंबर आणि चेसिस नंबर आरसी पुस्तकाशी जुळतात का ते रंग द्यायच्या आधी बघ, रंगाच्या थराखाली आकडे बुजतात. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी नवं करावं लागतं आणि गाडी अजून आज्जांच्या नावावर असेल तर वारसाचं काम त्याआधी. फॉर्म कन्नडात असले तरी खिडकीवरचा माणूस बहुतेक वेळा मराठीत समजावतो, बाबांना बरोबर घेऊन जा. तेवढ्या फेऱ्या मारल्यावर ते कदाचित विकायचं नाव काढणार नाहीत.

पहिली किक मारताना चप्पल घालू नकोस, बूट घाल. आणि काटा मधोमध येईपर्यंत थांब.

एक काम मात्र माझ्यासाठी कर. तो तुकडा ज्या वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळला होता तो टाकला नसशील तर इस्त्रीखाली सरळ कर आणि त्यावर तारीख सापडते का बघ. १९७८ किंवा ७९ ची निघाली, आणि आज्जा गाडी बेळगावला दुरुस्तीला आणत होते असं घरात कुणाला आठवत असेल, तर मला कळव. बुशचा खर्च मी देतो.